सरकत्या पल्ल्यांच्या कपाटाबद्दल तुम्ही लिहिलंत, त्यावर आमचं म्हणणं

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलेलं परवा रात्री मुलीनं मोबाइलवर वाचून दाखवलं. एक स्टार दिलात. कपाट तीन आठवडे उशिरा मिळालं, पावसात पल्ले एकमेकांना घासायला लागले, फोन उचलला नाही, आणि 'सागवानाचे पैसे घेऊन तुकडे चिकटवून दिले', असं लिहिलंत. उशिराबद्दल आणि फोनबद्दल मनापासून माफी मागतो. तुम्ही फोन करत होतात त्या आठवड्यात इथं कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून गेलं होतं. आमचा मुख्य कारागीर नदीकाठच्या प्रयाग चिखली गावचा, त्याची जनावरं हलवायला आम्ही सगळे तिकडं होतो. तरी नंतर आपणहून फोन करायला पाहिजे होता. तो केला नाही, ही चूक आमचीच.

पण 'तुकडे' हा शब्द फार लागला, ताई. वडिलांच्या हाताखाली रंधा धरल्यापासून हेच काम करतोय.

अडीच फूट रुंद आणि साडेसहा फूट उंच पल्ला अखंड फळीचा करता येत नाही असं नाही, पण तो टिकत नाही. सागवान बहुतेक लाकडांपेक्षा कमी हलतं, म्हणजे ओलीनं फुगतं आणि सुकलं की आकसतं, पण हलतं. एवढ्या रुंद फळीत उन्हाळा ते पावसाळा पाच-सात मिलिमीटरचा फरक सहज पडतो. तुमच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, वाड्यातल्या कपाटाला अखंड फळ्या होत्या. त्या कपाटाचं दार एकदा नीट बघा. भोवती चौकट असते आणि तिच्या खाचेत फळी सैल बसवलेली असते, फुगली तरी जागा राहावी म्हणून. जुन्या सुतारांनाही हे माहीत होतं.

त्यात सरकता पल्ला सगळ्यात नाजूक. बिजागरीचा पल्ला एका कडेनं तीन-चार ठिकाणी आवळलेला असतो. सरकता पल्ला वर ट्रॅकला टांगलेला, खाली गाईडमध्ये, मधे त्याला धरणारं काहीच नाही. दोन पल्ल्यांत फट ५ मिलिमीटर. एवढ्यात बसायचं तर तो सरळच राहायला पाहिजे. म्हणून दोन-दोन इंची पट्ट्या फाडतो, एका पल्ल्यात पंधरा. एका पट्टीच्या टोकाची वर्तुळं वर, तर शेजारणीची खाली, म्हणजे एकीचा बाक दुसरी खाते. क्लॅम्पमध्ये आवळून रात्रभर ठेवतो. मग दोन्ही अंगांना आडव्या रेषांचा लाकडाचा पातळ थर, त्यावर उभ्या रेषांचा सागाचा व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, दोन्हीकडं सारख्याच जाडीचा. एका अंगाला जाड आणि एका अंगाला पातळ लावलं की पल्ला भाजलेल्या पापडासारखा वळतो. हे अखंड फळीपेक्षा दुप्पट काम आहे. कोटेशनमध्ये 'सागवानी पट्ट्यांचा लॅमिनेटेड पल्ला' असं लिहिलं होतं, आणि कापलेली कड सासूबाईंच्या हातात दिली होती.

उशीरही त्यातच झाला. मे महिन्यात वळीव लागला, पट्ट्या ओल मोजायच्या मीटरवर १७ टक्के दाखवत होत्या. मधे कामट्या घालून थप्पी लावली आणि १२ च्या खाली येईपर्यंत हात लावला नाही. त्याआधी बिजागरीचे पल्ले पलंगाला अडतील म्हणून तुम्हीच सरकते करायला सांगितलंत, त्यात मापं नव्यानं घ्यावी लागली. हे तुम्ही लिहिलं नाहीत.

घासण्याबद्दल लिहायला बरं वाटत नाही, पण लिहितो. पाणी उतरल्यावर आम्ही आलोच होतो. पुढच्या पल्ल्याला बाहेरून सहा फुटी पट्टी उभी लावली, तर मधोमध ६ मिलिमीटर उजेड दिसत होता. जोडांत मात्र कुठं नखही शिरत नव्हतं. पल्ल्याचं पोट आत आलं होतं, कारण आतली बाजू कोरी आहे. 'आत कोण बघतंय' म्हणून आतलं पॉलिश तुम्ही काढून टाकायला सांगितलंत, २,६०० रुपये कमी झाले. बाहेरचं अंग बंद आणि आतलं उघडं, मग जुलैची सगळी ओल आतल्यानंच प्यायली. दोन्हीकडं पॉलिश पाहिजे हे तोंडी सांगितलं होतं, पण बिलावर लिहिलं नाही. खरं तर कोऱ्या बाजूनं पल्ला बसवायला मी तयारच व्हायला नको होतं.

काल राजारामपुरीतल्या एका गिऱ्हाइकानं 'तुम्ही तुकडे जोडून देता म्हणे' असं विचारून ॲडव्हान्स परत मागितला. मी दिला. गौरी-गणपतीच्या तोंडावर दोन कारागिरांचे पगार त्यातून निघणार होते.

या आठवड्यात माणूस पाठवून मागचा ट्रॅक ४ मिलिमीटर मागं घेतो, तेवढ्यानं घासायचं थांबेल. आत्ता पॉलिश मारलं तर ओल आत कोंडेल आणि बाक तसाच राहील, म्हणून दसऱ्यानंतर पल्ले उतरवून वर्कशॉपला नेतो, सरळ झाले की आतून पॉलिश करून बसवून देतो. मजुरी घेणार नाही. सामानाचं आपण बोलून ठरवू. पॉलिशचं बिलावर छापून घ्यायचं आणि फोनलाही कुणीतरी बसवायचं बघतो.

एक स्टार राहू दे, ताई. उशीर झालाय, त्याचा तो असू दे. फक्त 'तुकडे चिकटवून दिले' एवढं वाक्य काढता आलं तर बघा. सासूबाईंना दाखवलेली ती कड अजून उद्यमनगरात आमच्या टेबलावर आहे, तिच्यावर पेन्सिलीनं घातलेले पट्ट्यांचे आकडेही आहेत. सोमवार सोडून कधीही या, हातात घेऊन बघा.