ज्येष्ठमध चघळा म्हणे!

आत्ताच मुलाच्या शाळेतल्या पालक मीटिंगवरून आलेय, अजून डोकं शांत नाही. त्याच्या बाईंचा आवाज पार बसलाय, तर मागून एक बाप म्हणतो 'मॅडम, व्हॉल्यूम वाढवा की', आणि अख्खा वर्ग हसला. मग सल्ले सुरू. ज्येष्ठमध चघळा, आलं-मध घ्या. अरे, दोन महिने झाले त्यांना!

माझी आई झेडपीची शिक्षिका. एका खोलीत दोन वर्ग, वर पत्रा, पाऊस लागला की त्याच्यावर आवाज चढवून शिकवायचं. रविवारी आवाज जरा परत यायचा, सोमवारी दुपारपर्यंत पुन्हा घोगरा. फोनवर लोक 'काका, काकू आहेत का?' विचारायला लागले तेव्हा तिने फोन उचलणंच सोडलं. आम्हीही हसायचो तेव्हा. आज ते फार लागलं.

ईएनटीने दुर्बिणीतून बघितलं, दोन्ही स्वरतंतूंवर गाठी. कुदळ मारून हाताला घट्टे पडतात ना, तशाच. बोलताना बायकांचे स्वरतंतू सेकंदाला 200 च्या आसपास वेळा एकमेकांवर आपटतात आणि ही दिवसभर ओरडत होती, दुसरं काय होणार! डॉक्टर म्हणाले ऑपरेशनचं नंतर बघू, आधी स्पीच थेरपिस्टकडे जा. सारखं खाकरायचं नाही, कुजबुजायचंही नाही कारण त्यानेही घशावर ताण येतो, पाणी घोट घोट पीत राहायचं. आणि तो स्ट्रॉ! अर्ध्या ग्लास पाण्यात बुडवून 'ऊऊऊ' करत बुडबुडे काढायचे, म्हणजे हवेचा दाब उलटा येतो आणि स्वरतंतू आपटण्याऐवजी अलगद टेकतात. ओट्यापाशी उभी राहून करायची, दिवसातून चार-पाचदा, न चुकता. बाबा म्हणायचे, बुडबुड्यांचे पैसे घेतात का आता?

हो, सगळंच थेरपीने बरं होत नाही, आवाज तीन आठवड्यांच्या वर बसलेला असेल तर आधी ईएनटीला दाखवायलाच हवं, आणि तालुक्याला थेरपिस्ट सापडत नाही हेही खरं. मग त्यासाठी बोला ना! वर्गाला एक साधा कॉलर माइक घेऊन द्या. गॅदरिंगच्या डीजेला बरे पैसे निघतात.

तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी आतून हाक आली, 'अगं दूध बघ, उतू जातंय!' स्वच्छ, मोकळी, माझ्या लहानपणीची हाक. मी जागची हललेच नाही. दूध गेलं सगळं. बाबा हातात पेपर धरून नुसते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसले.

मीटिंग संपल्यावर बाईंना गाठलं, आईचा नंबर दिला. डोळे भरून आले त्यांचे, 'थँक्यू' म्हणाल्या तेही कुजबुजत. म्हटलं, बाई, आजपासून कुजबुजायचं नाही.