‘सगळे एकदाच द्या’ या आग्रहाचा प्रतिवाद

सॉफ्टवेअरच्या कामाविषयी एक मत सध्या वारंवार पुढे पाठवले जाते. त्याचा आशय असा की, टप्प्याटप्प्याने सॉफ्टवेअर देणे म्हणजे अर्धवट काम ग्राहकाच्या गळ्यात मारणे होय. त्यापेक्षा सगळे तयार करावे, एकदाच कसून तपासावे आणि ठरलेल्या दिवशी सुरू करावे, म्हणजे खर्चही एकदाच आणि त्रासही एकदाच. हे मत ऐकायला पटते, म्हणूनच त्याचे मुद्दे एकेक करून तपासले पाहिजेत.

अर्धवटपणाचा आरोप टप्प्यांवर नव्हे, चुकीच्या विभागणीवर लागू होतो. कर्मचाऱ्यांच्या रजा, हजेरी आणि पगार यांची प्रणाली करताना आधी सगळ्यांच्या नुसत्या स्क्रीन दिल्या आणि आकडेमोड नंतर जोडली, तर ते खरोखरच अर्धवट काम ठरेल. पण एकाच विभागासाठी रजेचा अर्ज, त्याची मंजुरी आणि शिल्लक रजेतून होणारी वजावट एवढे अखेरपर्यंत चालणारे काम दिले, तर ते लहान असले तरी पूर्णच असते.

‘एकदाच कसून तपासू’ हा दावा सर्वांत कच्चा आहे. ब्रिटनमधील टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती मुख्यतः एकाच फेरीत नव्या प्रणालीवर नेली. माहितीचे स्थलांतर पार पडले, पण प्रत्यक्ष वापराचा भार येताच प्रणाली कोलमडली आणि असंख्य ग्राहकांना आपल्याच खात्यात शिरता येईना. कामकाज पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला, आणि पुढे २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड ठोठावला. तिथे चाचण्या झाल्याच नव्हत्या, असे नाही. परंतु खऱ्या ग्राहकांची खरी वर्दळ कोणत्याही चाचणीत पूर्णपणे उभी करता येत नाही. ती थोड्या ग्राहकांवर आधी अनुभवता येते, किंवा सगळ्यांवर एकदम.

खर्चाच्या बाबतीत मात्र विरोधी बाजूचे म्हणणे मान्य केले पाहिजे, कारण टप्प्यांचे काम स्वस्त नसते. डेटाबेसमधील ‘पूर्ण नाव’ हा एकच रकाना मोडून नाव आणि आडनाव असे दोन रकाने करायचे आहेत, असे समजा. एका रात्रीत उरकायचे तर प्रणाली बंद करून रकाना बदलला की झाले. टप्प्यांनी करायचे तर आधी नवे रकाने जोडावे लागतात, मग प्रत्येक नोंद जुन्या आणि नव्या दोन्ही ठिकाणी लिहावी लागते, जुन्या नोंदी हळूहळू भरून घ्याव्या लागतात, त्यानंतर वाचन नव्या रकान्यांवर वळवायचे आणि सगळे सुरळीत चालल्याची खात्री पटल्यावरच जुना रकाना काढायचा. मेहनत उघडच जास्त आहे. पण जुना रकाना काढेपर्यंत कोणत्याही पायरीवरून मागे फिरता येते, आणि बिघाड झालाच तर तो कोणत्या पायरीवर झाला हे लगेच कळते. वाढीव खर्च या माघारीच्या वाटेसाठी असतो, आणि ‘खर्च एकदाच’ म्हणणारे ती वाट हिशेबातच धरत नाहीत.

जुने आणि नवे एकत्र चालणेच घातक, यासाठी नाईट कॅपिटल या शेअरची खरेदी-विक्री करणाऱ्या अमेरिकी कंपनीचे उदाहरण दिले जाते. १ ऑगस्ट २०१२ रोजी त्या कंपनीच्या आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड पोहोचलाच नाही, तिथला वापरात नसलेला जुना भाग जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. परंतु तो सर्व्हर ठरवून मागे ठेवलेला नव्हता, नजरचुकीने राहिला होता. ठरवून केलेल्या टप्प्यात कोणत्या सर्व्हरवर काय आहे याची नोंद असते, मोजक्या व्यवहारांवर लक्ष असते आणि बिघाड दिसताच थांबण्याची सोय आधीच केलेली असते.

‘त्रास एकदाच’ याला उत्तर थोडक्यात देता येते: लहान बदल अंगवळणी पडतो, आणि एका दिवशी सगळेच बदलले की मदतकक्षाकडे सगळ्यांचीच एकदम धाव असते.

काही बदल खरोखरच एका क्षणी करावे लागतात, हेही खरे. नवा करदर ठरलेल्या तारखेलाच लागू होतो. पण तिथेही एकाच क्षणी होते ते फक्त नव्या हिशेबाकडे वळणे. तो कोड कित्येक आठवडे आधी बंद अवस्थेत पाठवता येतो, जुन्या व्यवहारांवर गुपचूप चालवून त्याची उत्तरे हाताने काढलेल्या उत्तरांशी ताडून पाहता येतात, आणि त्या दिवशी उरते ते केवळ एक बटण चालू करणे.