फीत तापवण्याविषयीच्या आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

चिकट झालेल्या जुन्या ध्वनिफितींना वाजवण्यापूर्वी नियंत्रित उष्णता द्यावी, असे मी माझ्या लेखात लिहिले होते. त्यावरच्या निनावी प्रतिक्रियेत आपण लिहिता, ‘फीत भट्टीत भाजणे हा शुद्ध अडाणीपणा आहे, आधी ती लावून ऐकावी, अगदीच अडली तर पुढचे बघावे.’ याखेरीज डिजिटल प्रत किती बिटांची असावी, हेडचा (फितीवरचा ध्वनी वाचणाऱ्या यंत्राच्या भागाचा) कोन कसा जुळवावा आणि कॅसेटबद्दल मी इतके थोडे का लिहिले, असेही आपण विचारले आहे. शेवटी, लेखकाने टेप यंत्राला कधी हात लावला नसावा, असा निष्कर्षही काढला आहे.

मतभेद मला नवीन नाहीत आणि त्यांचे मला वाईटही वाटत नाही. ज्याला स्वतःचे नाव लिहावेसे वाटत नाही, अशा व्यक्तीने दुसऱ्याच्या कामाला चार ओळींत अडाणी ठरवावे, याचे मात्र वाईट वाटते. ‘भट्टी’ आणि ‘भाजणे’ हे शब्द माझ्या लेखात कुठेही नाहीत. मी तापमान स्थिर राखणाऱ्या इन्क्युबेटरविषयी लिहिले होते आणि स्वयंपाकघरातला ओव्हन वापरू नये, असे स्पष्ट बजावले होते. अशा ओव्हनचे तापमान सतत वरखाली होते आणि त्याची तापलेली तार एकाच बाजूने उष्णता फेकते. आपण लेख पूर्ण वाचला असता तर हा शब्दप्रयोग टळला असता.

एक गोष्ट मान्य करतो. कोणत्या फिती मुळीच तापवू नयेत, हा इशारा माझ्या लेखात बराच खाली आला. तो आधी यायला हवा होता. ॲसिटेटच्या फितीला, म्हणजे जिची आधारपट्टी ॲसिटेट या प्लास्टिकची आहे तिला, उष्णता देऊ नये. रीळ उजेडासमोर आडवे धरले असता गुंडाळीतून प्रकाश आरपार दिसला, तर ती फीत ॲसिटेटची समजावी. पॉलिएस्टरची गुंडाळी बहुधा अपारदर्शक दिसते. ॲसिटेटला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागला असेल, तर तिचा आधारच विघटित होत आहे आणि तिथे उष्णतेने हानी अधिक वेगाने होईल. आपल्या प्रतिक्रियेत या भेदाचा उल्लेखही नाही, तरीही मी तो इथे पुन्हा नोंदवतो, कारण एखादा वाचक केवळ शीर्षक पाहून कामाला लागू शकतो.

आता आपल्या मुख्य वाक्याकडे येतो. १९७० आणि १९८० च्या दशकांत व्यावसायिक ध्वनिमुद्रणासाठी बनलेल्या अनेक फितींच्या पाठीला काळा कार्बनयुक्त लेप असे; अँपेक्स या अमेरिकी कंपनीच्या ४०६ आणि ४५६ या फिती त्यांपैकी सर्वपरिचित आहेत. अशा फितींमध्ये लोहाच्या ऑक्साइडचे कण आधाराला धरून ठेवणारा बाइंडर पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा असतो. तो हवेतील आर्द्रता शोषतो, पाण्यामुळे त्याच्या लांब रासायनिक साखळ्या तुटतात आणि पृष्ठभागावर चिकट, मऊ पदार्थ जमतो. ही फीत यंत्रावर चढवली की ती मार्गदर्शक खांबांना आणि हेडला घासते, किंचाळते आणि तपकिरी राड मागे सोडते.

त्या राडीत ऑक्साइडचे कण असतात. ध्वनी त्याच कणांच्या चुंबकीय मांडणीत साठवलेला आहे. त्यांच्याबाहेर तो कुठेही नाही. तो थर अवघा काही मायक्रॉन जाडीचा असतो, त्यामुळे हेडवर जे उतरले, ते फितीवर परत चढत नाही. ‘आधी लावून ऐकावी’ या आपल्या सल्ल्याचा अर्थ असा की, खराबी आहे का हे शोधण्यासाठी खराबी करावी. आपण हे इतक्या सहजपणे लिहिलेत, म्हणून मी इतके विस्ताराने लिहीत आहे.

उष्णतेने नेमके काय होते? साधारण ५० ते ५५ अंश सेल्सिअसला पाव इंच रुंदीची फीत आठ तास किंवा त्याहून अधिक काळ ठेवली असता बाइंडरमधील आर्द्रता निघून जाते, चिकटपणा कमी होतो आणि फीत काही आठवडे सुरक्षितपणे वाजवता येते. पुढे ती पुन्हा आर्द्रता शोषते, म्हणून डिजिटल प्रत त्याच अवधीत करून घ्यावी लागते. हा उपचार मी घरी बसून शोधलेला नाही. अँपेक्स कंपनीला त्यावर १९९३ मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले आहे. मुद्रण पुसले जाईल ही भीतीही निराधार आहे. गॅमा फेरिक ऑक्साइडचे, म्हणजे या फितींतील लोहाच्या ऑक्साइडचे, चुंबकत्व नष्ट व्हायला सुमारे ६०० अंशांपर्यंत जावे लागते. काही फितींत त्याऐवजी वापरलेल्या क्रोमियम डायऑक्साइडची ही मर्यादा १२० अंशांच्या आसपास असल्याने तिथे अधिक जपावे. उष्णतेने शेजारच्या वेढ्यांत ध्वनीची छाप वाढू शकते, हा खरा तोटा आहे. फीत तापवून थंड झाल्यावर वाजवण्यापूर्वी काही वेळा गुंडाळून घेतल्यास ती छाप बरीच कमी होते.

यंत्राला हात लावण्याविषयी आपण लिहिलेच आहे, म्हणून सांगतो. मी ध्वनिमुद्रण कक्षात उमेदवारी करू लागलो तेव्हा संगणक नव्हता. ब्लेडने तिरकी कापलेली फीत चिकटपट्टीने जोडणे हीच संपादनाची रीत होती. पुढे एका संस्थेच्या संग्रहातील मुलाखतींची रिळे माझ्याकडे आली. ती येण्यापूर्वी तिथल्या कोणी एकाने त्यांतील एक रीळ ‘नुसते चालते का’ म्हणून लावून पाहिले होते. बोलणाऱ्या वृद्ध बाईंचा आवाज सुरुवातीला नीट येतो, मग त्यातील तीव्र स्वर जातात, मग शब्द तुटू लागतात आणि शेवटी नुसती घरघर उरते. हेड पुसलेला कापूस टोपलीत टाकून दिला होता. त्याच पेटीतील उरलेली रिळे, कुणी हात न लावल्यामुळे, उष्णता दिल्यावर पूर्ण वाजली. या अनुभवानंतर आपल्या वाक्यावर मी गप्प बसावे, अशी अपेक्षा कृपया करू नये.

राहिलेले मुद्दे. हेडचा कोन प्रत्येक फितीसाठी कानाने आणि मीटरवर जुळवावा लागतो, हे मी लिहिले आहे. ९६ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिट (ध्वनीचे नमुने घेण्याचा वेग आणि प्रत्येक नमुन्याची बारकाई) ही डिजिटल प्रतीसाठी अभिलेखागारांची प्रचलित पद्धत आहे. कॅसेट हा त्या लेखाचा विषय नव्हता.

आपल्याकडील जुनी रिळे अजून उत्तम वाजतात, असेही आपण जाता जाता लिहिले आहे. तसे असेल तर ती तापवू नका. जी फीत चिकटत नाही, तिला उष्णतेची गरज नाही. किंचाळणारी प्रत्येक फीतही या उपचाराने बरी होत नाही. काहींमध्ये वंगण कमी झालेले असते, राड पडत नाही आणि उष्णतेचा उपयोगही होत नाही. मात्र पाठीला काळा लेप असलेली एखादी फीत वाजवताना आवाज दबू लागला किंवा हेडवर तपकिरी रेघ दिसली, तर यंत्र त्या क्षणी थांबवा, वेगाने मागे गुंडाळण्याचे बटण दाबू नका आणि ते रीळ पुन्हा ‘लावून ऐकू’ नका.