"रडत बसू नका" म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

30 सप्टेंबर, म्हणजे कॅनडातल्या निवासी शाळांत नेलेल्या आदिवासी मुलांच्या स्मरणाचा दिवस जवळ आला, मुलं नारिंगी टीशर्ट घालून शाळेत निघाली, की आमच्या व्हँकुव्हरकडच्या मराठी ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो. यंदा तो एका काकांनी टाकला. मजकूर थोडक्यात असा: "कॅनडातल्या आदिवासी मुलांच्या निवासी शाळा ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. पिढ्यान्‌पिढ्या चालणारा आघात वगैरे थोतांड. आपणही दीडशे वर्षं गुलामी सोसली, पण रडत बसलो नाही. सरकारनं अब्जावधी ओतले तरी यांची दारू सुटत नाही. मनात बळ लागतं."

आदिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या या शाळा शंभर वर्षांपूर्वी ऐन भरात होत्या, एवढं खरं. 1920 साली कायदा बदलून मुलांना तिथे पाठवणं सक्तीचं झालं. पण शेवटची शाळा बंद व्हायला 1990 चं दशक सरत आलं होतं. तोवर दीड लाखांहून जास्त मुलं या शाळांतून गेली. नारिंगी शर्टाची गोष्टच 1973 ची आहे. फिलिस वेबस्टॅड तेव्हा सहा वर्षांच्या होत्या. ब्रिटिश कोलंबियातल्या विल्यम्स लेक गावाजवळच्या सेंट जोसेफ्स मिशन या निवासी शाळेत पहिल्या दिवशी जाताना आजीनं नवा नारिंगी शर्ट घेऊन दिला होता. तो दारातच काढून घेतला गेला आणि परत कधी मिळाला नाही. काकांना बहात्तरच्या दुष्काळातली लाल मिलो अजून आठवते, चवीसकट. मग या बाईंची आठवण तेवढी जुनीपुराणी कशी?

आता 'थोतांड'. यात गूढ काही नाही. पाच-सहा वर्षांचं पोर घरातून उचललं. घरची भाषा तोंडातून निघाली की मार. सख्खे बहीणभाऊ एकाच आवारात, पण एकमेकांशी बोलायची चोरी. अशा पोराला कुणी मांडीवर घेतलं नाही, आजारपणात उशाशी बसलं नाही. ते पुढे स्वतः आई किंवा बाप झालं की रडणाऱ्या बाळाचं काय करायचं, हे ते कुठून शिकलेलं असणार? आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी जाते, आजी बाळाला न्हाऊमाखू घालते, पोरगी बघून बघून शिकते. तिथे हे बघणंच तुटलं, आणि काही घरांत सलग तीन-चार पिढ्या. अ‍ॅमी बॉम्बे या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं, की घरातल्या जितक्या जास्त पिढ्या या शाळांत गेल्या, तितका पुढच्यांच्या मनावरचा ताण जास्त. आघात जनुकांतून उतरतो असंही हल्ली ठासून सांगतात. माणसांबाबत तो पुरावा अजून कच्चा आहे, आणि माझ्या म्हणण्याला त्याची गरजही नाही.

"आपणही गुलामी सोसली" या वाक्यातल्या 'आपण'वर मी अडतो. आपण म्हणजे कोण? माझ्या पणजोबांची मुलं संध्याकाळी घरी येत, मराठीत शिकत, मराठीत भांडत. त्यांच्याशी तुलना जमत नाही. तुलना करायचीच तर इंग्रजांनी 1871 साली सुरू केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली आलेल्यांशी करा. पारधी, कैकाडी, टकारी. जन्मालाच गुन्हेगारीचा शिक्का. सोलापूरची सेटलमेंट: तारेचं कुंपण, रोजची हजेरी. याच कायद्यात 1897 साली दुरुस्ती होऊन चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून वेगळं ठेवण्याची सोय झाली. राज्य तेच, युक्तीही तीच. देश 1947 ला स्वतंत्र झाला, हे लोक 31 ऑगस्ट 1952 ला मोकळे झाले, म्हणून विमुक्त. आजही गावात चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या पालावर जातात. "आपण पुढे गेलो" म्हणताना यांना मोजलं होतं का?

पैशाचं लवकर आटोपतो. शाळांबद्दल मिळालेली रक्कम खैरात नव्हती, कोर्टकचेऱ्यांनंतरची तडजोड होती: शाळेत काढलेल्या पहिल्या वर्षाचे 10,000 डॉलर, पुढच्या प्रत्येक वर्षाचे 3,000. बालपणाचा हा भाव. आणि मनं सावरण्यासाठी 1998 साली जो निधी आदिवासींच्याच हाती दिला होता, तो पुढे आटला. ती संस्था 2014 मध्ये बंद झाली.

राहिली दारू आणि 'मनाचं बळ'. आधी एक आकडा. 2002-03 च्या पाहणीत वर्षभरात दारू प्यायलेले प्रौढ फर्स्ट नेशन्स या आदिवासी समूहांमध्ये सुमारे 66 टक्के होते, एकूण कॅनडात 79. जे पितात त्यांच्यात अतिरेक जास्त आहे, हे मी लपवत नाही.

पण बळाची खरी गोष्ट अल्कली लेक या ब्रिटिश कोलंबियातल्या आदिवासी गावाची. वेबस्टॅडना नेलं त्याच मिशन शाळेत या गावातलीही मुलं नेली जात. 1970 च्या आसपास जवळजवळ सगळं गाव दारूत बुडालेलं. 1972 मध्ये फिलिस चेल्सी यांची लहान मुलगी आजीकडून घरी यायलाच तयार होईना. आईबाप पितात म्हणून. त्या दिवशी फिलिसनी दारू सोडली, काही दिवसांनी नवरा अँडी यांनी. फॉरवर्डवाल्याला इथेच थांबायला आवडेल: बघा, ठरवलं की सुटते! पण पुढे काय झालं ते बघा. अँडी गावाचे मुख्य झाले. चोरून दारू विकणाऱ्यांना त्यांनी पोलिसांच्या हाती दिलं. मदतीचे पैसे रोख न देता किराणा-कपड्यांच्या चिठ्ठ्या दिल्या. कुणी व्यसनमुक्तीला गेलं की मागे गावानं त्याची पोरं सांभाळली, घर दुरुस्त करून रंगवून ठेवलं. ढोल आणि घामाच्या झोपडीचे (बंद झोपडीत गरम वाफेत बसून करायचे) जुने विधी परत आणले. 1980 उजाडेपर्यंत जवळपास सगळं गाव दारूपासून सुटलं होतं. फिलिसचं मन खंबीर होतंच, पण बाकीच्यांना सोडणं जमलं ते परतल्यावर रंगवलेलं घर वाट बघत होतं म्हणून.

मायकेल चँडलर आणि ख्रिस्तोफर लालोंड या संशोधकांनी 1998 साली हेच आकड्यांत दाखवलं. ब्रिटिश कोलंबियातल्या जवळजवळ दोनशे आदिवासी समुदायांतल्या तरुणांच्या आत्महत्या त्यांनी पाहिल्या. निम्म्याहून अधिक समुदायांत 1987 ते 1992 या काळात एकही नव्हती. स्वशासन, जमिनीचा दावा, शाळा, दवाखाना, पोलीस-अग्निशमन आणि संस्कृतीची स्वतःची जागा या सहाही गोष्टी ज्यांच्या हाती होत्या, तिथे शून्य. जितक्या गोष्टी कमी, तितकं प्रमाण जास्त. तेव्हा "बळ लागतं" हे मला मान्यच आहे. जे काढून घेतलं ते परत न देता बळाचा उपदेश करणं मान्य नाही.

मी एवढं लिहिल्यावर काकांचा शेवटचा पवित्रा आला: "आपण बाहेरून आलेलो, आपला काय संबंध?" निवासी शाळांचा इतिहास तपासणाऱ्या कॅनडाच्या सत्यशोधन आयोगानं 94 शिफारशी केल्या होत्या. 94 वी नागरिकत्वाच्या शपथेबद्दल होती आणि 2021 मध्ये शपथ बदलली. नव्या नागरिकाला आता फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटिस या आदिवासी लोकांच्या हक्कांचा उच्चार करून देशाचे कायदे पाळण्याचं वचन द्यावं लागतं. काकांनी ही नवी शपथ 2022 साली उजवा हात वर करून घेतली. पेढे मी स्वतः खाल्ले आहेत.