लिपिकाचा पगार, अॅनालिस्टचं पॅकेज : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. खासगी क्लार्कनी डेटा अॅनालिस्ट, म्हणजे कंपनीचे आकडे तपासून निष्कर्ष काढणारा, व्हावं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचा आक्षेप असा : ‘चार वर्षं अभ्यास करून माझा भाचा लिपिक झाला. पहिल्याच वर्षी त्याच्या हातात हिंजवडीतल्या मुलांपेक्षा जास्त पडतात. तुम्ही पोरांना उगाच डेटा अॅनालिस्टच्या नादी लावताय.’

भाच्याच्या पगाराबद्दल तुमचं बरोबर आहे. तो हिशोब माझ्या लेखात यायला हवा होता. शासनाच्या लिपिक-टंकलेखकाची वेतनश्रेणी एस-६, म्हणजे १९,९०० ते ६३,२००. लोक १९,९०० वाचून नाक मुरडतात, पण ते नुसतं मूळ वेतन. त्यावर जुलै २०२४ च्या ५३ टक्के दराने महागाई भत्ता १०,५४७ आणि पुण्यात ३० टक्के घरभाडे भत्ता ५,९७०. झाले ३६,४१७. एनपीएस (निवृत्तिवेतनासाठीची कपात) आणि व्यवसाय कर कापून ३३ हजार हातात. उलट वर्षाला ४ लाख २० हजारांचं पॅकेज मिळालेल्या नवख्या अॅनालिस्टचे महिन्याचे ३५ हजार कागदावरचे. कंपनीच्या वाट्याचा पीएफ त्यातच, ग्रॅच्युइटी त्यातच, दहा टक्के व्हेरिएबल, म्हणजे कामगिरी पाहून मिळणारा भाग, त्यातच. मग त्याचा स्वतःचा पीएफ. खात्यात जेमतेम २७ हजार येतात आणि त्यातून खोलीचं भाडं नि मेस.

नोकरीच्या शाश्वतीबद्दलही वाद नाही. दर वर्षीची तीन टक्के वेतनवाढ खासगीत कुणी लिहून देत नाही.

पण मी लिहिलं होतं ते खासगी क्लार्कबद्दल. शोरूम, ट्रान्सपोर्ट, हॉस्पिटलचं बिलिंग, कारखान्याचं स्टोअर इथे बसलेली मुलं. त्यांना ना श्रेणी, ना महागाई भत्ता. मी स्वतः चाकणला एका कारखान्यात स्टोअर क्लार्क होतो, १४ हजारांवर. दिवसभर चलनं, म्हणजे मालासोबत येणारे कागद, लावायची, आलेल्या मालाची नोंद करायची, महिनाअखेरीला स्टॉक जुळवायचा. तीन वर्षांत पगार दीड हजारांनी वाढला.

तिथेच एक्सेलमधलं पिव्होट टेबल (नोंदींची बेरीज-गटवारी करणारा तक्ता) शिकलो, रात्री खोलीवर एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा. मग २४ हजारांवर एमआयएसचं, म्हणजे कंपनीचे नियमित अहवाल बनवायचं, काम लागलं आणि पुढे चार वर्षांनी अॅनालिस्ट म्हणून ५२ हजार. मुलाखतीत विचारलं होतं, रजिस्टर आणि प्रत्यक्ष स्टॉक जुळत नाही, कुठून शोधाल? मी खोकी मोजलेली होती. परत आलेला माल जुन्या चलनावर चढतो, सुट्टीच्या दिवशीची नोंद दुसऱ्या दिवशी पडते, हे मला कुणी शिकवायला लागलं नाही. तीन महिन्यांचा महागडा क्लास करून फक्त पॉवर बीआय या सॉफ्टवेअरचे चार्ट काढता येणारी मुलं तिथेच अडतात. त्यांना मी हा रस्ता सुचवत नाही, हे मात्र आणखी ठळक लिहायला हवं होतं.

भाच्याची चार वर्षंही हिशोबात धरा. त्या काळात कमाई शून्य होती आणि खर्च घरचा होता. त्याला यश आलं, मनापासून अभिनंदन. त्याच्या शेजारी अभ्यासिकेत बसलेले, वय उलटून गेलेले बाकीचे मुलगे आता कुठे आहेत, हे एकदा त्याला विचारा. माझा लेख त्यांच्यासाठी होता.

हातात पडणाऱ्या रकमेचा वरचा हिशोब आजच मूळ लेखात जोडतो आहे.