स्टेंट, गोळ्या आणि हळदीचे दूध

सांगली-मिरज भागातील व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतो आहे: ‘कापलेले बोट आठवड्यात भरते, तशी स्टेंट बसवलेली रक्तवाहिनीही महिन्याभरात भरून येते, मग रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद कराव्यात आणि रोज रात्री हळदीचे दूध घ्यावे.’ स्टेंट म्हणजे अरुंद झालेली धमनी उघडी ठेवण्यासाठी तिच्यात बसवलेली धातूची बारीक जाळी. हा सल्ला जिवावर बेतू शकतो.

रक्तवाहिनी स्वतःची दुरुस्ती करते, एवढे खरे. धमनीच्या आतील अस्तर म्हणजे एंडोथेलियम हा पेशींचा जेमतेम एक थर असतो आणि फुगा फुगवून स्टेंट बसवताना तो जागोजागी खरवडला जातो. कडेला शाबूत राहिलेल्या पेशी मग पुढच्या अंगाने पातळ पदर पसरतात, तो खालच्या पृष्ठभागाला घट्ट चिकटवतात, मागची पकड सोडून स्वतःला पुढे ओढतात, आणि अशा सरकत व विभागत समोरच्या पेशी भेटेपर्यंत उघडी जागा झाकत जातात. परंतु त्याच काळात भिंतीच्या मधल्या थरातील स्नायुपेशीही आत सरकून वाढू लागतात. ही वाढ बेसुमार झाली तर धमनी पुन्हा अरुंद होते. ती रोखण्यासाठी आजच्या बहुतेक स्टेंटवर सिरोलिमसच्या गटातील औषध असते, आणि ते अस्तराच्या पेशींनाही मंदावते. त्यामुळे अस्तर पुरते जुळायला कित्येक महिने लागू शकतात. कापलेल्या बोटाचा दाखला इथे मुळातच गैरलागू आहे, कारण बोटात धातूची जाळी नसते.

ही जाळी उघडी असेपर्यंत तिच्यावर प्लेटलेट चिकटून गुठळी होण्याचा, म्हणजे स्टेंट अचानक बंद पडण्याचा धोका राहतो. त्यासाठीच अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसारखी दुसरी गोळी साधारणपणे 6 महिने, तर हृदयविकाराच्या झटक्यानंतर 12 महिने दिली जाते, आणि पुढे बहुधा एक गोळी चालू राहते. रक्तस्रावाचा धोका मोठा असल्यास डॉक्टर ही मुदत कमी करतात. पण तो निर्णय त्या रुग्णाला तपासून घेतलेला असतो.

सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिचा अभिमान आपल्याला असावाच. तथापि तिच्यातील कर्क्युमिन आतड्यातून फार थोडे शोषले जाते, आणि जे शोषले जाते त्याचेही यकृतात झपाट्याने रूपांतर होते. हळदीच्या दुधाने स्टेंटमधील गुठळी टळते याला पुरावा नाही. स्वयंपाकातील हळद खुशाल खावी, मात्र गोळीच्या जागी नव्हे. मजकूर वाचून ज्यांनी गोळ्या थांबवल्या असतील, त्यांनी आजच आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन करावा. दात काढण्यापूर्वीही त्यांना विचारल्याशिवाय गोळी चुकवू नये.