सध्या काय खेळताय? थांबा, शेवट मीच सांगतो

गेमबद्दल मत देणं ही एक कला आहे आणि तिच्यासाठी गेम खेळावा लागत नाही, हे ज्ञान मला गेल्या आठवड्यातल्या मंगळवारी, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, डबा अर्धा झालेला असताना मिळालं. तोवर मी अडाण्यासारखा आधी खेळायचो आणि मग बोलायचो. म्हणजे बहुतेक वेळा बोलायचोच नाही, कारण खेळून व्हायचंच नाही. तुमचं असं होऊ नये म्हणून चार गोष्टी सांगून ठेवतो. 'सध्या काय खेळतोयस?' हा प्रश्न आज ना उद्या तुम्हाला कोणीतरी विचारणारच. त्याच्या आत तुम्हीच कोणाला तरी विचारून मोकळे व्हा.

प्रश्न विचारा, पण उत्तर ऐकू नका. उत्तरातलं आपल्याला हवं ते फक्त गेमचं नाव. ते कानावर पडलं की समोरच्याचं काम संपलं. तो बिचारा पुढे 'काल रात्री ना, मी तळ्याच्या काठाला...' असं काही सुरू करतो, तेव्हा 'हां हां हां' असं तीनदा म्हणावं. दोनदाच म्हटलं तर त्याला वाटतं, ऐकतोय.

मत पहिल्या वीस मिनिटांत बनवा. स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानावर दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम चौदा दिवसांच्या आत परत करता येतो. ही सोय खास मतं देणाऱ्यांसाठीच असावी. रेड डेड रिडेम्प्शन २ घ्या. सुरुवातीलाच १८९९ सालातलं बर्फाचं वादळ, डोंगर, आणि गुडघाभर बर्फातून रखडत चाललेली एक टोळी. हा पहिला चॅप्टर संपायलाच दोनेक तास जातात. म्हणजे बर्फ वितळायच्या आत पैसे परत, आणि 'काही नाही रे, नुसता बर्फ आहे' हे मत वर फुकट. डोंगर उतरल्यावर हिरवी कुरणं लागतात, गावं लागतात, ते बघायला कोण थांबलंय? अक्षता पडायच्या आधी जेवून निघालेल्या माणसानं नवरी कशी दिसत होती ते सांगू नये, असा काही कायदा आहे का?

'ओव्हररेटेड' हा शब्द पाठ करा. मराठीत त्याला धड प्रतिशब्द नाही, कारण आपल्याला गरजच पडली नाही. आपण कशाला चांगलं म्हणायलाच आधी तयार नसतो.

'फ्रेम ड्रॉप होतात', म्हणजे चित्र अडखळतं, असंही म्हणा. कुठे होतात ते सांगू नका.

समोरचा एखादा अवघड गेम खेळत असेल तर त्याला मोजून लाजवा. एल्डन रिंगमध्ये सुरुवातीच्या गुहेतून उजेडात आलं की समोरच सोन्याच्या चिलखतातला एक घोडेस्वार फेऱ्या मारत असतो. नवखा माणूस हौसेनं त्याच्यावर धावून जातो आणि घोड्याच्या टापांखाली चटणी होतो. त्याला वळसा घालून पुढे जाता येतं, हे कळायला प्रत्येकाला आपापल्या वाट्याचं मरण मरावं लागतं, आणि खरं तर गेमची पहिली शिकवणी तीच. तुम्ही मात्र म्हणायचं, 'तो? तो पहिल्याच झटक्यात गेला माझा.' समोरच्यानं नंतरचा एखादा बॉस, म्हणजे मोठा शत्रू, मदतीला कोणाला बोलावून मारला असेल तर 'मग ते धरत नाहीत' हे वाक्य तयार ठेवा. कोण धरत नाही, कशात धरत नाही, बोर्डाची परीक्षा आहे का, असलं कोणी विचारत नाही. मीही आजवर विचारलं नव्हतं.

गेमला पॅच, म्हणजे मागाहून केलेल्या दुरुस्त्या, येतात, मताला येऊ देऊ नका. सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा इतका मोडका होता की सोनीनं आठवड्याभरात तो आपल्या दुकानातून काढून टाकला. पुढे निस्तरायला काही वर्षं गेली, पण निस्तरला. आमच्या ग्रुपवर एक जण अजून त्याच डिसेंबरात बसला आहे. त्याला काही म्हटलं तर तेव्हाची मीम पाठवतो.

आणि सिल्कसाँग! 'हॉलो नाइट' या गेमचा पुढचा भाग. लोकांनी साडेसहा वर्षं वाट पाहिली. २०१९ च्या फेब्रुवारीत जाहीर झाला, ४ सप्टेंबर २०२५ ला आला, तो आला त्या संध्याकाळी गर्दीनं स्टीमसकट दुकानं आडवी झाली. तो बनवणारी ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडमधली मूठभर माणसं इतकी वर्षं मान खाली घालून बसली होती. त्याच रात्री बाराच्या आत ग्रुपवर निकाल लागला: 'फार अवघड केलाय, मजा नाही.' पहिली घंटा होते न होते तोच नाटक पडलं म्हणून सांगत सुटायचं.

'आमच्या वेळी' हे अस्त्र शेवटी काढायचं असतं, पण काढा. काँट्रा या जुन्या गेममध्ये वर वर, खाली खाली, डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे, बी, ए केलं की तीस लाइफ मिळायच्या. प्रोजेक्ट आयजीआयमध्ये मिशनच्या मधे सेव्ह करायची सोयच नव्हती, शेवटच्या दारात गोळी लागली की पुन्हा कुंपणाबाहेरून सुरुवात. आमच्याकडे स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून हे करायचो आणि मागे चार पोरं उभी राहून 'डावीकडे बघ, डावीकडे!' ओरडायची. (त्या पोरांचा तेव्हा राग यायचा. आता वाटतं, निदान ती स्क्रीनकडे बघून तरी बोलायची.)

आता मुख्य धडा. शेवट सांगणे.

शेवट सांगायची एक वेळ असते. सुरुवातीला सांगितलात तर काही उपयोग नाही, कारण त्यातली माणसं अजून समोरच्याच्या ओळखीची झालेली नसतात. अगदी अखेरीला सांगितलात तरी वाया, कारण त्याला वास आलेला असतो. मधोमध गाठावा. म्हणजे जीव जडलेला असतो आणि पुढचं काही ठाऊक नसतं. उदाहरणार्थ रेड डेड २ मध्ये, छप्पन्न तासांनंतर, चौथ्या चॅप्टरला. हे छप्पन्न तास कसे जमतात ते सांगतो, म्हणजे तुम्हाला नेम धरायला बरं.

मी डोंबिवलीला राहतो, ऑफिस ऐरोलीला. ठाण्याला गाडी बदलून, दोन्ही वेळा उभ्यानं. घरी यायला आठ. जेवण, मुलीचा अभ्यास, तिला झोपवणं, ओटा, उद्याचं दूध. मग अकरा ते बारा हा एक तास माझा, तोही डोळे मिटले नाहीत तर, आणि ते दिवसाआड मिटतातच. हेडफोन लावून, आवाज बारीक. या हिशेबानं छप्पन्न तास म्हणजे जवळजवळ चार महिने होतात. गेमला १५० जीबी जागा लागते, ती करायला लग्नाचे फोटो दुसऱ्या डिस्कवर हलवले. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

चार महिन्यांत मी काय मोठं केलं? काहीच नाही. हा गेम तुम्हाला घाई करूच देत नाही. घोडा चिखलानं माखला की ब्रशनं घासायचा. बंदुकीला तेल द्यायचं, नाहीतर तिचा जोर कमी होतो. शिकार केली की कातडं सोलून होईपर्यंत उभं राहायचं. गेमचा नायक आर्थर मॉर्गन, त्याची दाढी दिवसांच्या हिशेबानं वाढते आणि ती करावी लागते. मी त्याची जितकी नियमित केली तितकी माझी केलेली नाही. थंडी पडली की घोड्याच्या नको त्या अवयवावरसुद्धा परिणाम दिसतो. हे कोणीतरी पगार घेऊन, बसून, नीट केलेलं आहे! ज्याला हे 'स्लो' वाटतं त्यानं खुशाल दुसरं काही खेळावं. मला ऑफिसात दिवसभर 'अर्जंट' ऐकल्यावर रात्री कोणीतरी सांगितलं की आधी घोडा पूस, तर मी घोडा पुसतो.

घोड्याचं नाव बिस्किट आहे. मुलीनं ठेवलंय. एका रविवारी ती मांडीवर येऊन बसली आणि 'याचं नाव काय?' म्हणाली. तबेल्यात जाऊन नाव बदलता येतं, बदललं. तेव्हापासून रोज सकाळी दात घासता घासता, तोंडात फेस असताना, 'बाबा, बिस्किटला काल खायला दिलंस?' गोळीबाराची मिशन मी तिच्यासमोर लावत नाही, तिच्यासमोर फक्त मासेमारी. त्यामुळे तिच्या समजुतीप्रमाणे आर्थर मॉर्गन हा एक कोळी असून त्याच्याकडे घोडा आहे.

असा माणूस हेरावा. मग दुपारी एकला त्याच्यासमोर डबा उघडून बसावं. त्या मंगळवारी माझ्यासमोर ऑफिसातला एक जण असाच बसला.

'सध्या काय खेळतोयस?'

'रेड डेड टू. आत्ताच सेंट डेनिसला पोचलोय, अरे काय शहर केलंय, दिवे, ट्राम, मी घोडा घेऊन सरळ ट्रामच्या...'

'हां हां हां. शेवटी तो...'

आणि मटकीत बुडवलेला पोळीचा तुकडा तोंडात टाकता टाकता त्यानं सांगितलं. पाच शब्दांत. छप्पन्न तासांचं पाच शब्दांत. वर बोट चाटून म्हणाला, 'पण ओव्हररेटेड आहे. फार स्लो.'

मी विचारलं, 'किती तास लागले तुला?'

'छे, मी कुठे खेळलो? यूट्यूबवर बघितला. दीडच्या स्पीडला.'

दीडच्या स्पीडला! म्हणजे मी ज्या तळ्याच्या काठी चार महिने बसलो तिथून हा गृहस्थ धावत्या एक्स्प्रेसमधून गेला, आणि तळं कसं आहे ते मला सांगतोय.

आता तुम्ही म्हणाल, आणि तोही म्हणालाच, 'अरे, २०१८ चा गेम आहे, आता कसला स्पॉयलर?' हे उत्तरही पाठ करून ठेवा, फार चालतं. २०१८ मध्ये माझी मुलगी दोन महिन्यांची होती. मी रात्री जागत होतो, पण गेमसाठी नाही. पुढच्या वर्षी पीसीवर आला तेव्हा पीसी नव्हता. पीसी आला तेव्हा वेळ नव्हता. सेल लागला तेव्हा घेतला, घेऊन दीड वर्ष तसाच पडला. सगळ्यांनी सगळं आलं त्या दिवशीच खेळायचं असतं का? जुन्या गेमचा शेवट सांगायला हरकत नसेल तर निवृत्तीनंतर पहिल्यांदा काश्मीरला निघालेल्या काकांना स्टेशनवर गाठून 'नुसते डोंगर आहेत हो' असं सांगायलाही हरकत नसावी.

उपरोध वगैरे पुरे झाला. मला ते नीट जमतही नाहीये आज.

अरे बाबा, तू खेळला नाहीस. तू खेळला नाहीस, मग तुझं मत कशाचं आहे? दुसऱ्याच्या खेळण्याचं? ते सांग ना मग, की मी एकाला खेळताना बघितलं आणि मला कंटाळा आला. त्यात काही लाज नाही. मीही क्रिकेट बघतोच, पण म्हणून पॅड बांधल्यासारखा बोलत नाही. गेम बरा नाही वाटला तर नाही वाटला, वीस मिनिटांत सोडलास तर 'वीस मिनिटांत सोडला' एवढं म्हण आणि पोळी खा. पण समोरचा माणूस अजून खेळतोय, त्याचा चेहरा खुललाय, त्याला ट्रामचं काहीतरी सांगायचंय, तर अर्धा मिनिट ऐकून घ्यायला काय झालं? तुला त्यानं शेवट विचारला होता का? नव्हता. मग कशाला सांगितलास? आपल्याला माहीत आहे एवढं दाखवायला? दाखवलंस. मिळालं काय? माझे चार महिने गेले आणि तुला मटकीबरोबर तोंडी लावायला झालं. आणि वर 'सेन्सिटिव्ह आहेस यार' म्हणून हसतोस. बाकीचेही हसले. हसणाऱ्यांनो, तुमचंही काहीतरी अर्ध्यावर चालू असेलच की.

मी आता डबा खिडकीजवळच्या टेबलावर खातो.

गेले सहा दिवस मी एकही मिशन केलेलं नाही. नकाशावर पिवळं चिन्ह दिसतं, तिकडे गेलं की गोष्ट पुढे सरकते, म्हणून मी तिकडे जात नाही. फ्लॅट आयर्न लेकच्या काठी उभा राहून मासे पकडतो. बहुतेक वेळा तळहाताएवढा ब्लूगिल लागतो, तो मी सोडून देतो. बिस्किट मागे चरत असतो. काल रविवार होता, मुलगी येऊन मांडीवर बसली, थोडा वेळ गळाकडे बघत राहिली, मग स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या नकाशावर बोट ठेवून म्हणाली, 'बाबा, हे पिवळं काय आहे? तिकडे जाऊ या ना.'

मी म्हटलं, तिकडे मासे नसतात.